साहेबांना न दिसलेलं अधिक चिन्ह

हिंजवडीजवळच्या माणमध्ये मी भाड्याने राहायचे तेव्हा माझ्या खोलीत आमच्याच ऑफिसातली एक टेस्टर होती, मूळची परभणीची. आमच्या साहेबांनी तिला एका दिवसात चोर ठरवलं.

झालं असं, की वार्षिक मूल्यमापनाच्या शेऱ्यांची फाइल फुटली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कॅबमध्ये लोक एकमेकांचे शेरे वाचून दाखवू लागले. साहेबांनी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. गृहस्थ स्वतःला सिस्टिम प्रोग्रॅमिंगचे जाणकार म्हणवत. त्यांनी लिहिलेली एक ओळही आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. पडद्यावर त्यांनी त्या फाइलीच्या हक्कांची ओळ दाखवली.

"मालक एचआर. ग्रुपमध्ये एचआर आणि ही. बाकी कुणाला फाइल वाचताच येत नाही. अजून काय पुरावा हवा?"

तिला त्या ग्रुपमध्ये सर्व्हर बसवताना घातलं होतं आणि काढायला हेच महाशय विसरले होते. तिने तसं सांगितलंही. तिला घरी पाठवलं.

ओळीच्या शेवटी बारीकसं अधिक चिन्ह होतं. म्हणजे दिसतंय तेवढंच सगळं नाही, फाइलीला हक्कांची वेगळी यादीही जोडलेली आहे.

"सर, शेवटी प्लस आहे," मी म्हटलं.

"ते डिस्प्लेचं असतं काहीतरी," साहेब म्हणाले.

त्या महिन्यात माझं कामच ते होतं. एका ग्राहकासाठी अशा याद्या वाचणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहीत होते. फाइल उघडण्याचा हक्क नसला तरी तिची यादी बहुधा वाचता येते. प्रोग्रॅम यादी मागून घेतो, एकेक नोंद उचलतो, ती कुणाची आणि त्याला काय करायची मुभा आहे ते पाहतो. मास्क नावाची एक नोंदही तपासावी लागते, कारण दिलेला हक्क ती कापू शकते. जागेवर येऊन मी तो त्या फाइलीवर चालवला. एक जास्तीचं नाव निघालं, साहेबांच्या लाडक्या टीम लीडचं. वाचायचा हक्क होता, लिहायचाही होता, आणि मास्कने काहीच कापलेलं नव्हतं.

मी एचआरच्या बाईंना विचारलं.

"सरांनीच द्यायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या वतीने सगळ्यांचे शेरे तोच भरतो ना."

म्हणजे माझ्या शेऱ्यात 'पुढाकार नाही' असं होतं, तो शोध साहेबांनी नव्हे, शेजारच्या खुर्चीवरच्या या टीम लीडने लावला होता. स्वतःबद्दल मात्र त्याने 'असामान्य नेतृत्व' असं लिहिलं होतं, आणि साहेबांनी न वाचता सही ठोकली होती.

प्रोग्रॅमने दिलेलं उत्तर मी साहेबांना आणि त्यांच्या वरच्यांनाही मेल केलं. दुपारपर्यंत टीम लीडने कबूल केलं, आपला शेरा मिरवायला त्याने फाइल मित्राला पाठवली होती. साहेबांनी याला 'प्रोसेसमधली त्रुटी' असं नाव दिलं आणि संध्याकाळी तिला फोन केला. मी खोलीतच होते, फोन स्पीकरवर होता.

"उद्यापासून ये. विषय संपला," साहेब म्हणाले.

"सर, चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "आता माफी फोनवरसुद्धा नाही?"

तिने फोन ठेवला आणि राजीनाम्याचा मेल लिहायला घेतला.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं क्येलं. असल्यांच्या हितं कशाला राबायचं?"

हिंजवडी आयटी पार्कच्या पुढच्याच फेजमध्ये तिला दुसरी नोकरी लागली. मी मात्र त्याच साहेबांच्या हाताखाली आणखी वर्षभर काढलं.