आर्वेलाबाईंचा धरणावर विश्वास नव्हता

आमच्या खोऱ्यात आर्वेला सेट्झरबाईंची गाडी ओळखायला नंबर बघावा लागत नसे. बाकीच्यांच्या गाड्या घराकडे तोंड करून उभ्या असत. बाईंची रस्त्याकडे, तीही चढाच्या बाजूला, आणि किल्ली आतच. "चोराची भीती नाही का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "चोर आला तर गाडी नेईल. हॉयटचं तळं आलं तर गाडीसकट मला नेईल. तूच सांग, कोणाची तयारी आधी करू?"

हॉयट बमगार्नरच्या वडिलांनी ओढ्यावर मातीचा भराव घालून ते तळं केलं. वीज काढायला नाही, मक्याला पाणी द्यायलाही नाही. लोकांनी मासे धरावेत, पायाने मारायच्या होड्या फिरवाव्यात, आमच्या चर्चच्या मंडळींनी काठावर बसून तळलेला कॅटफिश खावा, एवढ्यासाठी. तळं वरून बघावं तर सुरेख. आर्वेलाबाई मात्र ते जन्मभर खालून बघत आल्या, कारण त्यांचं घर भरावाच्या बरोबर खाली, ओढ्याच्या वळणावर. घर आधी की धरण आधी यावर दोन मतं होती, आणि दोन्ही मोठ्या आवाजातली होती.

दरवर्षी वसंतात राज्याकडून ऑक्सेंडाईनबाई तपासणीला येत. गमबूट घालून भरावावर फिरत, सांडवा बघत, घुशींच्या बिळांत काठ्या खुपसत आणि शेवटी दोन शेरे देत. एक धरणाच्या तब्येतीचा. दुसरा, धरण फुटलंच तर खाली कोणाचं काय होईल याचा. गोष्ट एवढी सोपी होती. पण आमच्या हॉयटला पहिलाच शेरा ऐकू यायचा आणि आर्वेलाबाईंना दुसराच.

"तब्येत समाधानकारक!" हॉयट ओरडायचा. "ऐकलंस ना आर्वेला?"

"पुढचं वाच की. धोका उच्च."

"अगं, तो शेरा माझ्या धरणाचा नाही, तुझा आहे! तू तिथं राहतेस म्हणून तो उच्च. उद्या तू गेलीस तर माती तीच, पाणी तेच, आणि धोका कमी!"

"म्हणजे बुडायला मी नसले, की धरण चांगलं?"

दोघं ऑक्सेंडाईनबाईंकडे बघत. त्या बिचाऱ्या बुटाचा चिखल काढत म्हणत, "नियमाप्रमाणे... साधारण तसंच आहे."

झालं! तेवढ्यावरून आर्वेलाबाईंची खात्रीच पटली, की हॉयटला आपण इथून गेलेल्या हव्या आहोत. आणि खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं नव्हतं. शेरा उच्च असला की सांडवा रुंद करा, इंजिनियर आणा, आपत्तीची योजना करा, दरवर्षी तपासणी सोसा. कमी असला की तपासणारे वर्षानुवर्षं फिरकत नाहीत. त्यामुळे हॉयट भेटेल तेव्हा म्हणे, "शार्लट शहरात लेकीजवळ किती सोय होईल गं तुझी! दवाखाना जवळ, चर्च जवळ."

"आणि तुझं धरण लांब," बाई म्हणायच्या. "तुझ्याच सोयीचं बोलतोयस."

हॉयटची बायको लोइस पीच कॉबलर, म्हणजे पीच फळं घालून भाजलेलं गोड पक्वान्न, करून पाठवायची. लोइस भली बाई, पण हॉयटची बायको. त्यामुळे कॉबलर आला की आर्वेलाबाई मला हाक मारत. मी पलीकडेच राहतो. मला समोर बसवून म्हणत, "आधी तू खा." मी दोन वाट्या खाऊन ठणठणीत राहिलो, की त्या उरलेलं खात. उरत फारसं नसे. खोऱ्यातल्या कुठल्याही संशयाने माझं इतकं भलं केलेलं नाही.

पण बाईंचा खरा जीव होता मेयोनेजच्या एका रिकाम्या बरणीत. भरावाच्या तळाशी पाझर काढून देणारा पाईप आहे. ऑक्सेंडाईनबाईंनी एकदा सांगितलं होतं, की मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणारच. ते स्वच्छ असेल तर काळजी नको, गढूळ आलं तर आतली माती वाहून चालली आहे असं समजा आणि मला कळवा. बाई रोज सकाळी बरणी भरून आणत आणि खिडकीत उजेडासमोर धरत. शेजारी नळाच्या पाण्याची दुसरी बरणी. नळावरही विश्वास नव्हता, म्हणून तिसरी विहिरीची. एकदा गढूळ आलं म्हणून त्यांनी सगळं खोरं जागं केलं. हॉयटचा कुत्रा पाईपात तोंड घालून बसला होता, एवढंच निघालं. "कुत्रा कुणाचा?" बाईंनी विचारलं. मुद्दा बिनतोड होता.

मग त्या पडल्या. स्वतःच्याच पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. गाडीत घालताना माझा हात धरून म्हणाल्या, "पायरीला तेल लागलंय का बघून ठेव." मी बघितलं. तेल नव्हतं, बाईंच्याच कोंबडीची कृपा होती. पण मी तसं सांगितलं नाही. दुखण्यात माणसाला काहीतरी आधार हवा.

लेक डोरीन त्यांना शार्लटला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं. ऑक्सेंडाईनबाई आल्या आणि म्हणाल्या, "घर पाडलं आणि तिथं पुन्हा कुणी राहायला आलं नाही, तर धोका कमी लिहिता येईल." हॉयट नाचायचाच बाकी होता. डोरीन घर विकायला तयार होती. हॉयट विकत घेऊन पाडणार होता. फक्त बाईंची सही राहिली होती.

आणि पाऊस लागला. आठवडाभर थांबायचं नावच घेईना. एका दुपारी हॉयट माझ्या दारात उभा. हातात बरणी.

"हे बघ जरा. गढूळ आहे का?"

मी बघितलं. "आहे थोडंसं. की बरणीच मळकी आहे?"

"तेच कळत नाही ना! आर्वेला कशी बघायची?"

"तुला काय पडलंय? खाली आता आहे कोण?"

हॉयट खुर्चीत बसला. मोठा माणूस, पण असा बसला की खुर्चीलाच दया यावी. "खाली कुणी नाही, म्हणून तर! इतकी वर्षं मी एकदाही तो पाईप बघितला नाही. काही असतं तर तिनं बोंब मारली असती. आता कोणी बोंब मारत नाही, म्हणजे काही नाही, की सांगायलाच कोणी नाही? आणि पुढं ओढ्याच्या पुलावरून शाळेची बस जाते."

आम्ही बरणी घेऊन शार्लटला गेलो. हॉयटनं ती वाटभर मांडीवर धरली होती. आर्वेलाबाई लेकीच्या खिडकीत काठी घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून पहिला प्रश्न, "काय हवंय?"

हॉयटनं बरणी पुढं केली. बाईंनी ती उजेडाला धरली, हलवली, वास घेतला.

"कुठून भरलीस?"

"पाईपातून."

"थापा मारू नकोस. पाईपाखालच्या डबक्यातून भरलीस. यात बेडकाची अंडी आहेत."

हॉयट लाल झाला. "चिखल होता गं. वाकवेना."

"मला खुबा मोडेपर्यंत वाकवत होतं." बरणी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सहीसाठी आलास ना? आधी घाबरवायचं, मग कागद पुढं करायचा."

"कागद घरी ठेवलाय. आर्वेला, तू खाली होतीस तेव्हा मला झोप लागायची."

"वा! मला लागत नव्हती, म्हणून तुला लागायची!"

डोरीन मधे पडली. "मॉमा, तो तुला परत बोलावतोय."

"तेच तर मला खटकतंय," बाई म्हणाल्या, आणि कोट मागितला. "फक्त बघायला येतेय. राहायला नाही."

खोऱ्यात परतल्यावर पाईपापर्यंत त्यांना एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने हॉयटनं. बरणी हॉयटनं भरली, चिखलात गुडघे टेकून. बाईंनी ती आकाशाकडे धरली. पाणी काचेसारखं. हॉयटनं इतका मोठा श्वास सोडला की कुत्रा उठून बसला.

"एवढं स्वच्छ?" बाई पुटपुटल्या. "इतक्या पावसात? काहीतरी काळंबेरं आहे. उद्या पुन्हा बघावं लागेल."

उद्या बघायला इथं राहायला हवं होतं. त्या राहिल्या. घर विकलं गेलं नाही. पायऱ्यांच्या जागी हॉयटनं स्वतः लाकडी उतार करून दिला. बाईंनी त्याच्या प्रत्येक खिळ्यावर काठी आपटून बघितली. ऑक्सेंडाईनबाई पुन्हा आल्या आणि लिहून गेल्या: तब्येत समाधानकारक, धोका उच्च. हॉयटनं कुरकुर केली, पण सांडव्याच्या कामासाठी इंजिनियरला फोनही केला.

त्या रविवारी लोइसनं कॉबलर दिला आणि तो घेऊन हॉयट स्वतः आला. मी सवयीनं वाटी पुढं केली. बाईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली, भरली आणि हॉयटपुढं धरली.

"आधी तू खा," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या डोळ्यांसमोर बसून खा."

हॉयट बसला. माझी मात्र नोकरी गेली.