दाराशी उभे दोन बांबू

मी नर्स म्हणून ज्या गावात होते, ते कोल्हापूरपासून जवळ, अगदी नदीला लागून. माझं माहेर शिवाजी पेठेतलं. तिथं असताना पाणी चढलं की आम्ही घाटावर पूर बघायला जायचो, एवढाच पुराचा आणि माझा संबंध. या गावात मात्र मृग लागला की माणसं आपापल्या उंबऱ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागायची.

दोन हजार सालानंतर दर उन्हाळ्यात तालुक्याची माणसं येऊन पुराची रंगीत तालीम घ्यायला लागली. ज्या वर्षी पूर आला, त्या वर्षी गावच्या कुस्तीच्या तालमीतला एक धडधाकट गडी पेशंट म्हणून स्ट्रेचरवर झोपला. चौघांनी त्याला उचलून पळत शाळेपर्यंत नेलं. तो झोपल्या झोपल्या बायकांना हात करत होता आणि सगळं गाव हसत होतं. साहेब खूश झाले. मग चहा झाला.

खरोखर अंथरुणाला खिळलेली बाई गावात एकच होती. लकवा मारून दोन वर्षं झाली होती. उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. नवरा आधीच वारलेला. मुलगा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, सून घरी. पाठीच्या जखमा धुवायला मी आठवड्यातून दोनदा जायची. ट्रेनिंगला आमच्या मॅडमनी घोकून घेतलं होतं, की पेशंट बोलो न बोलो, हात लावायच्या आधी सांगायचं. म्हणून मी सांगायची, "मावशी, आता कुशीवर वळवते हं." मावशी भिंतीकडं बघत असायच्या. सून म्हणायची, "कुणाला सांगताय बाई? त्यास्नी काय बी कळत न्हाय." मला कुणी विचारलं असतं तर मीही 'थोडंफार कळत असेल' इतकंच म्हटलं असतं.

पूर आला तेव्हा मुलगा पाण्याच्या पलीकडं अडकला होता. हायवेवर पाणी आल्यानं शिरोलीकडून येणारा रस्ता बंद, फोनही बंद. सकाळी खालच्या गल्लीत पाणी शिरलं आणि गल्ली रिकामी करायचा निरोप आला. मी मावशींच्या घरी पोचले तेव्हा पाणी पायरीवर होतं. सून माळ्यावरच्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, काढून पोत्यात भरत होती. शाळेत चूल पेटवायला कोरडं जळण हवं, म्हणून.

तेवढ्यात तालमीतली चार माणसं आली. स्ट्रेचर कुठल्यातरी दुसऱ्याच वस्तीवर गेलं होतं. म्हणून त्यांनी दोन बांबूंना सुंभानं घोंगडं बांधून आणलं होतं. चौघंही उघडेबंब, भिजलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. बांबू दाराशी उभे करून ते आत आले आणि एकानं मावशींच्या खांद्याखाली हात घातला.

मावशी किंचाळल्या.

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून आवाज असा मी ऐकला नव्हता. तो शब्द नव्हता. डाव्या हातानं त्यांनी त्या माणसाच्या गालावर ओरबाडलं, रक्त आलं. दुसरा पुढं झाला, तर त्याच्या मनगटाचा चावा घेतला.

"डोकं फिरलं म्हातारीचं!" तो ओरडला. "बांधून न्या की!"

सून रडायला लागली. "आत्ती, असं काय करताय? पानी वाढाय लागलंय!" आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात.

मी सगळ्यांना बाहेर काढलं. "नर्सबाई, येळ न्हाय," कुणीतरी म्हणालं, ते खरंही होतं. पाणी उंबरा ओलांडून आत येत होतं. मी खाटेशेजारी खाली बसले, मावशींच्या डोळ्यांसमोर माझे डोळे येतील अशी, आणि त्यांचा डावा हात हातात घेतला.

"मावशी, हो असेल तर हात दाबा. कुठं दुखतंय?"

हात तसाच.

"पाण्याची भीती वाटते?"

हात तसाच.

"मुलगा आल्याशिवाय जायचं नाही?"

काहीच नाही. पण त्यांचे डोळे माझ्यावरून निघून दाराकडं गेले. मी वळून बघितलं. दाराशी दोन बांबू, त्यांना सुंभ. बाहेर डोक्याला फडकी बांधलेली चार माणसं. उंबऱ्यात शेणीचं पोतं. आमच्याकडं माणूस शेणीवर जाळतात.

मी परत मावशींकडं वळले. विचारलं, "मावशी, हे तुम्हाला जाळायला नेतायत असं वाटतंय तुम्हाला?"

त्यांनी माझा हात असा दाबला, की बांगड्या मनगटात रुतल्या. दाबूनच धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दारात सून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तिथंच, पाण्यात, मटकन खाली बसली.

"म्हंजे… समदं कळत हुतं?"

मावशींनी तिच्याकडं बघितलं. तिनं तोंडावर पदर दाबला आणि पदरातूनच बोलायला लागली. मला की स्वतःला, तिलाच ठाऊक. "आमी हितंच बसून बोललोय वो बाई. लुगडं कंचं नेसवायचं. पावसात गेल्या तर शेणी भिजाय नगंत, म्हणून तर माळ्यावर ठेवल्या. त्यांच्या डोक्यावर. मी म्हनलंय, सुटू दे एकदा…"

दोन वर्षं ही बाई स्वतःच्या मरणाची तयारी ऐकत त्या शेणीखाली पडली होती आणि आज तो माळा रिकामा होताना तिनं बघितला होता.

पाणी खाटेच्या पायांना लागलं. मग मी बाहेर जाऊन त्या चौघांना सांगितलं, की टॉवेल काढा आणि बांबू तिकडं लांब ठेवा. काही न विचारता त्यांनी ऐकलं. शेजारच्या ओट्यावर प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती आणवली. "मावशी, तुम्हाला झोपवून न्यायचं नाही. खुर्चीत बसवणार. तोंड पुढं, सगळं तुम्हाला दिसेल. वाटेत सखल जागी पाणी ह्यांच्या कमरेपर्यंत लागेल, तुमच्या पायाला लागेल. मी बाजूनं चालते. शाळेत जायचं आहे, दुसरीकडं कुठं नाही. नेऊ?"

हात दाबला गेला. ज्याच्या गालावर ओरबाडलं होतं, त्यानंच सुनेच्या जुन्या साडीनं त्यांना खुर्चीला बांधलं. प्रत्येक गाठीला तो म्हणत होता, "काकू, आता हितं बांधतोय बघा." त्याला तसं बोलायला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेत पोचल्यावर मावशींना एका वर्गात टेकून बसवलं. दुपारी भात आला. सून ताट घेऊन दारातच उभी. मी म्हटलं, "जा." ती हलेना. शेवटी मावशींनीच डावा हात फरशीवर आपटला, दोनदा, तीनदा. सगळा वर्ग बघायला लागला. सून गेली, समोर बसली. "आत्ती, माजं चुकलं," म्हणाली.

मावशींनी तिच्या थोबाडीत दिली.

आजारी बाईच्या हातची होती, तरी ती थप्पड होती. तिला मी दुसरं नाव देणार नाही. सून मान खाली घालून बसून राहिली. थोड्या वेळानं मावशींनी तोंड उघडलं. सुनेनं घास भरवला. असं करत ताट संपलं.

पाणी उतरायला लागलं तसा मुलगा आला, चिखलानं भरलेला. बायकोनं त्याला व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. फौंड्रीच्या आवाजात काम करून त्याला मोठ्यानं बोलायची सवय होती. आत आल्यावर मात्र त्यानं नुसतं हळूच 'आई' म्हटलं. आईसमोर उकिडवा बसला. मी त्याला हात कसा धरायचा ते दाखवलं.

त्यानं आईचा डावा हात हातात घेतला. मग म्हणाला, "आई, बिद्रीचा मामा गेला. गेल्या वर्षी. तुला सांगितलं न्हाय." मग मान वर करून विचारलं, "तुला ठावं हुतं?"

मावशींनी हात दाबला.

मी ड्रेसिंगचं सामान काढलं होतं ते तसंच ठेवून बाहेर आले. व्हरांड्यात ओल्या अंथरुणांचा वास होता. आत तो मोठ्यानं रडत होता आणि पलीकडच्या वर्गातली माणसं विचारत होती, कोण गेलं.