अख्खा काजूगर

काजूच्या कारखान्याच्या फाटकावर पाटी दिसली, 'काजू फोडणाऱ्या कुशल बायका पाहिजेत.' उन्हानं अक्षरं पार विटली होती. मी उगाच थांबले.

याच फाटकातून संध्याकाळी आई बाहेर यायची. कितीही राख चोळली तरी टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी ती काळीच. पण काय हात होता तिचा! घरी चार काजू भाजले, की गप्पा मारत, खाली न बघता फोडायची आणि बाळाच्या कानासारखा गर अख्खा बाहेर यायचा.

एकदा मीही गुपचूप फोडायला बसले, तर तिनं हातावर फटका मारला. आयुष्यात तो एकच. मग माझी बोटं खोबरेल लावून कितीतरी वेळ पुसत बसली. वाडीतल्या सगळ्याच आयांनी लेकींचे हात असेच जपले असणार.

"काजू फोडूक येता काय तुमका?" रखवालदारानं आशेनं विचारलं. "जुनी बायकामाणसा थकली, नवी कोण येणत नाय."

मी माझ्या स्वच्छ बोटांकडे पाहिलं.

"नाही हो," म्हटलं, "आईनं शिकू दिलं नाही."