अकरा सेकंदांसाठी पडदा

गेलेला माणूस दिवसेंदिवस मोठा होत जातो, असे शोकसभेत सांगतात. आमच्या आईच्या बाबतीत किती इंचांनी, एवढाच प्रश्न होता.

बहिणीच्या लग्नाची कॅसेट तीन तासांची होती. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे आशीर्वाद तीत बावीस मिनिटे चालतात. आई अकरा सेकंद दिसते. हळदीच्या जेवणात ती भात वाढते आहे. कॅमेरा जवळ येतो तशी ती तोंडापुढे पंजा धरते आणि म्हणते, "माझं काय घेतोस? जेवणाऱ्यांचं घे." फोटोसाठी ती कधी उभी राहिलीच नाही. हलती-बोलती आई आमच्याकडे एवढीच उरली होती.

ती गेल्यावर वडील महाडच्या घरात एकटेच राहत. नजर अधू झालेली. एकवीस इंची टीव्हीच्या काचेला नाक लावून ते अकरा सेकंद मागे-पुढे करत बसत. मी पुण्याहून आलो की म्हणत, "जरा मोठं झालं ना, तर बोटांच्या फटीतनं तोंड दिसंल तिचं."

मी एकोणतीस इंची टीव्ही घ्यायचे ठरवले. शेजारच्या ट्रकवाल्या चाचांना ते पटले नाही. त्यांच्या मुलाने कुवेतहून प्रोजेक्टर आणला होता.

"टीव्ही कशाला रे? एवढी भिंत हाय तुमची! आधी बघा तरी," असे म्हणून ते तो काखेत मारून घेऊन आले.

दुपार होती. खिडक्यांना चादरी लावल्या. भिंतीवर मागच्या पुराची रेघ होती, छातीएवढ्या उंचीवर. आई त्या रेघेवरून भात वाढत पुढे आली आणि तिचा पंजा भिंतभर झाला. फटीतून काही दिसले नाही. चित्र वाढले की हातही वाढणार, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

"थांबव," वडील म्हणाले आणि भिंतीजवळ गेले.

"बाजूला व्हा भाऊ, तुमचीच सावली पडतेय!" चाचा ओरडले.

वडील बाजूला झाले. थरथरत्या चित्रात मधल्या बोटाला चिंधी बांधलेली दिसत होती.

"भाजलं होतं तिला?" त्यांनी मला विचारले. मला माहीत नव्हते. "लग्नाचे तीन दिवस एकाच घरात होतो. बोलली नाय."

चाचांनी वायर गुंडाळायला घेतली होती, ती तशीच खाली ठेवली.

संध्याकाळी मी गुणदोष सांगू लागलो. टीव्हीला अंधार लागत नाही. प्रोजेक्टरचा दिवा जातो, तो महाडात मिळायचा नाही. वडिलांनी सगळे ऐकून घेतले.

"बाजारात पाणी शिरलं की एवढा टीव्ही माळ्यावर चढवायला चार माणसं लागतील," ते म्हणाले. "तू तिकडं. हे मला एकट्याला उचलतंय."

टीव्हीचा बेत मी सोडला. प्रोजेक्टर घेतला.

वडिलांची सगळी नोकरी रस्त्यांची मोजमापे घेण्यात गेली होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, शेजारी आकडे. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत तीन फूट दोन इंच. चिंधी सात इंच.