गावाच्या खोलीत पहिली बाई

परळला एसटीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात यांचा हात होता आणि दुसऱ्या हातात तांदळाच्या कण्यांची पिशवी. नाकातली नळी लोकांना दिसू नये म्हणून यांनी भर मे महिन्यात मफलर गुंडाळला होता. "मुंबईत कोण ओळखतंय तुम्हाला?" असं म्हटलं, तर डोळे वटारले. घशाच्या कॅन्सरने आवाज पार बसला होता, पण डोळे अजून नवऱ्याचेच होते.

हॉस्पिटलात दोन दिवस रांगा लावल्या. रेडिएशन आणि औषधं सरकारी योजनेत बसली, तेव्हा मी तिथेच देवाला हात जोडले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सात आठवडे रोज यावं लागेल. राहायची सोय आहे ना?" मी हो म्हटलं. सोय कसली! लॉजमध्ये दोन दिवसांतच गाठीचे पैसे संपत आले होते. माझ्या अंगणवाडीच्या मानधनात पुढचा आठवडाही निघाला नसता. बाहेर फूटपाथवर निळं प्लास्टिक बांधून पेशंट राहत होते. ते बघून यांनी वहीत लिहिलं, "घरी जाऊ."

उपचार मिळतोय आणि पाठ टेकायला जागा नाही, म्हणून माणूस परत न्यायचा? मला असा राग आला! "आता मी सांगेन तसं चालायचं," मी म्हणाले.

लालबागला आमच्या गावाची खोली आहे. गिरण्यांच्या काळापासून गावातले पुरुष वर्गणी काढून तिथे राहतात. वाटेत मसाल्याच्या दुकानांपुढे मिरच्या कुटणं चाललं होतं. हे शिंकायला लागले. नळी बाहेर येईल या धास्तीने मी यांचं नाकच धरलं. "ओ ताई, सोडा ना, गुदमरेल तो!" एक बाई ओरडली.

खोली केवढी, तर आमच्या पडवीएवढी. भिंतीला अठरा खुंट्या आणि दारावर पाटी: 'स्त्रियांस मुक्काम मनाई'. खोलीचे कारभारी तात्या सत्तरीचे. म्हणाले, "तुझ्या घोवाक (नवऱ्याला) ठेव. तुका कसा ठेवू, गो? नियम आसा."

"आणि दर दोन तासांनी नळीतून पेज कोण घालील? तुम्ही?"

तात्यांनी रविवारपर्यंत आम्हाला गॅलरीत टेकू दिलं. रविवारी त्यांनी सगळ्यांना जमवलं. मला गॅलरीत बसवलं, पण आतलं सगळं ऐकू येत होतं. "आज हिला ठेवली, तर उद्या सगळ्यांच्या बायका येतील," कोणीतरी म्हणालं. मला राहवेना. मी उंबरा ओलांडून आत गेले.

"माझे सासरे या खोलीत तीस वर्षं राहिले. वर्गणी कापून मनीऑर्डर यायची. कमी पडायचं ते माझी सासू अर्धपोटी राहून भागवायची. तुमच्या आयांनीही तेच केलं. मग ही खोली नुसत्या बाप्यांची कशी?"

 पहिले तात्याच बोलले. "माझी आवस (आई) कधी हंय इलीच (इथे आलीच) नाय. मुंबय बघूची रवली ती रवलीच." मग ते उठले आणि स्वतःच्या हाताने पाटी काढली.

कोपऱ्यात चादर बांधून आम्हाला जागा झाली. तिथल्या चौघांनी आपली अंथरुणं गॅलरीत हलवली. रोज आम्ही चालत परळला जायचो. यांची कातडी भाजून काळी पडली, दोनदा ताप चढला, पण एकही दिवस चुकला नाही. रविवारी मी बांगड्याचं तिखलं (दाट कालवण) करायचे, आणि जेवून उठलेले अठरा बाप्ये आपापली ताटं घासायचे. बायांनो, खोटं वाटेल, पण डोळ्यांनी पाहिलंय.

नळी निघाली त्या दिवशी यांना गिरगावात नेलं. समुद्र पाहिला, मग एका खानावळीत मऊ ताकभात मागवला. तीन महिन्यांनी तोंडाने घेतलेला पहिला घास! यांनी डोळे मिटून तो कसाबसा गिळला.  घोगऱ्या आवाजात हे म्हणाले, "मीठ कमी आहे." मी हसले आणि तिथेच रडायला लागले. वेटर धावत आला. "काय झालं ताई? भात खराब आहे काय?"

"नाही हो. असा भात जन्मात बघितला नव्हता."

पुढच्या तपासणीत गाठ दिसली नाही. निघताना तात्यांनी खोलीची दुसरी किल्ली माझ्या हातात ठेवली. "गावची कोण बाय इली, तर तिका दारात उभी रवाची पाळी नको."

घरी आल्यावर बायांनी अंगण भरलं. मुंबई कशी, समुद्र केवढा, सगळं विचारून झालं. मला मात्र सांगावंसं वाटत होतं की मी मुंबई नुसती पाहिली नाही, मी ती जिंकून आले. सगळ्या गेल्या, तरी शेजारची सुलभा उठेना. दार लोटून तिने माझा हात धरला आणि आपल्या छातीवरच्या गाठीवर ठेवला.

"कधीपासून गो?"

"वरीस झाला. मुंबयत रवतलंय खंय (राहणार कुठे), म्हणान गप रवलंय."

सोमवारी आम्ही दोघी निघतोय. तात्यांना फोन केला. विचारलं नाही, नुसतं कळवलं.