जुनेरवाली

नवं कापड अंगावर घालायचं नाही, असं तिने का ठरवलं होतं कोण जाणे. आईची लुगडी, आत्याच्या साड्या, मामाचा धुऊन विरलेला सदरा, हेच घालून ती शहाद्याजवळच्या आपल्या गावी केळीच्या बागेत उभी राही आणि मोबाइलसमोर गिरकी घेऊन म्हणे, "लुगडं जुनं शे, मी नवी शे." वय विशीच्या आतबाहेर. व्हिडिओ टाकायच्या खात्याचं नाव जुनेरवाली. मीही तिला त्याच नावाने ओळखत असे.

मी नंदुरबारला एकटी राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बोलणं कमी, वाचणं फार. कपड्यांची मला कधीच हौस नव्हती. पण संध्याकाळी चहा ठेवला की तिचा व्हिडिओ लावायचा, ही सवय कधी जडली कळलं नाही. साडीपेक्षा ती नेसणाऱ्या बाईबद्दलच ती जास्त बोले. आत्या मिरच्या विकायला जाताना हीच नेसायची, इथे ठिगळ का लागलं, असं सगळं. मधेच मागून तिच्या आईचा आवाज येई, "ए पोर, नळले पानी उनं. तो नाच आते बंद कर." जुनेरवाली तो तुकडा कापून टाकत नसे. "मन्ही मायले हाई नाचच वाटस," म्हणून हसे आणि खरोखरच पाणी भरायला जाई.

एकदाच मी तिला लिहिलं. माझ्या आईची साडी काठाशी टिकली होती, मधे पार फाटली होती. तिचं उत्तर आलं, "मावशी, काठ उसवा, ब्लाउजले लावा. माय आंगवर ऱ्हाई." मी तसं केलं. त्या एका 'मावशी'ने मी तिच्या घरची झाले होते. तिला अर्थात त्याची कल्पना नव्हती.

पावसाळा सरता सरता व्हिडिओ थांबले. मग तिच्या भावाने तिच्याच खात्यावर लिहिलं, की ती काविळीने गेली. गावाचं नाव मला ठाऊक होतं. एसटीने शहाद्याला आणि पुढे रिक्षाने, मी दारावर बसायला, दुखवट्याला गेले. मी तिची कोण म्हणून सांगायचं, ते वाटभर सुचलं नाही.

ओसरीवर बायका बसल्या होत्या. तिच्या आईने विचारलं, "कोनता गावन्या तुम्ही? आमन्या काय लागतस?"

"काही लागत नाही," मी म्हणाले. "तिला रोज बघत होते."

"मोबाइलवरली शे, बाई," शेजारची म्हातारी म्हणाली. कोणी हसलं नाही, पण सरकून जागाही दिली नाही. मी उंबऱ्याशी टेकले. बायका तिच्या लहानपणाचं, दवाखान्याचं बोलत होत्या. त्यातलं मला काही ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं ते कोणी विचारत नव्हतं.

उठताना सवयीने तोंडून गेलं, "येते हं." अशा घरातून निघताना तसं म्हणत नाहीत, मुकाट उठायचं असतं. म्हातारीने तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून चपला घातल्या.

तिची आई दारापर्यंत आली. "येत जा," ती म्हणाली. "मी तिना एकबी व्हिडिओ देखा नही. नाचच म्हनत ऱ्हायनी. ती काय बोले, ते माले दखाडा."

मी चपला काढल्या, आत जाऊन तिच्या आईजवळ बसले आणि मोबाइल काढला.