कडू झुकिनी

सत्यवतीला एका जागी बसवत नसे. जेवता जेवताही ती उठायची आणि परसात डोकावून यायची. हिरालालशी तिचं लग्न झालं ते गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी. तो वरठीला लोखंडाच्या कारखान्यात होता. माहेर आंबागडचं, तिथं शेत होतं, जंगल होतं, दिवसभर पायाला उसंत नव्हती. इथं दोन खोल्या, नवऱ्याची पाळीची नोकरी आणि मागे एवढंसं परस.

आधी तिनं सगळ्यांसारखी वांगी, वाल, मेथी लावली. मग त्याचा कंटाळा आला. मुलगा भूषण पुण्याला नोकरीला लागला आणि तिकडून बियांची पाकिटं पाठवू लागला, तेव्हा तर तिला काय लावू नि काय नको असं झालं. स्ट्रॉबेरी उन्हाळ्यात करपली. ब्रोकोलीला गड्डा धरलाच नाही, नुसती पिवळी फुलं आली. कृष्णफळाचा वेल शेजारच्या टिनाच्या छपरावर जाऊन बसला. ड्रॅगनफ्रूट लवकर फुललं नाही म्हणून तिनं ते उपटून फेकलं.

"दम धर ना जरा," हिरालाल म्हणायचा. "झाड आहे ते. बटन दाबलं का चालू, असं नसते."

शेजारी पुष्पाबाई राहायच्या. मोहाडीच्या विणकर घराण्यातल्या, नवरा वारल्यावर इथं लेकाकडे आलेल्या. दिवसभर एकट्याच असत. सत्यवती त्यांना काकू म्हणे. परसात काहीही नवीन उगवलं की कुंपणाच्या भिंतीवरून आधी त्यांच्याकडे जाई. काकू चव घेत आणि बेधडक सांगत, "हे बरं आहे," नाहीतर, "हे गाईले दे."

एका हिवाळ्यात मात्र झुकिनी जमली. हिरवीगार, हातभर, काकडीसारखी. भाजी केली, थालीपीठात घातली, गल्लीत वाटली. शेजारच्याच वाफ्यात तिनं शोभेचे छोटे भोपळेही लावले होते, पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचे, नुसते टांगून ठेवायचे. एक झुकिनी वेलावर पिकू दिली आणि तिचं बी राखेत घोळून ठेवलं.

पुढच्या वर्षी तेच बी लावलं. वेल जोरात आले. पहिली फळं तोडली त्याच सकाळी आंबागडहून फोन आला, आईला ताप भरलाय. सत्यवतीनं पिशवी भरली, दोन झुकिन्या काकूंच्या हातात दिल्या, एक स्वयंपाकघरात ठेवली आणि माहेरी जायला तुमसरची बस पकडली.

आईचा ताप संध्याकाळपर्यंत उतरला. सत्यवतीला मात्र तिथंही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालालचा फोन आला.

"काकूले भंडाऱ्याले दवाखान्यात नेलं. उलट्या, जुलाब. थांबूनच नाही राहिलं."

"खाल्लं काय काकूनं?"

"आता मले काय माहीत? तुह्याच झुकिनीची भाजी होती म्हणतात."

बसमध्ये तिला सीटवर टेकवेना. सारखी उठून दाराशी उभी राही, पुन्हा येऊन बसे. घरी पोचल्या पोचल्या तिनं ठेवलेली झुकिनी कापली आणि जिभेला लावली. ती लगेच थुंकली. इतकं कडू तिनं जन्मात चाखलं नव्हतं. उरलेली झुकिनी पिशवीत घालून ती तशीच दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांपुढे पिशवी ठेवली.

"बरं झालं आणलीत," डॉक्टर म्हणाले. "अशा कडू फळात विष असतं. शिजवूनही जात नाही."

काकूंना सलाईन लावलं होतं. चेहरा पांढरा पडला होता.

"एवढी कडू होती, तर खाल्ली कायले, काकू?"

"तू हौसेनं देल्ली होती ना," काकू हळूच म्हणाल्या. "फेकावं कसं वाटीन? गूळ टाकला अन् खाल्ली."

सत्यवती पदर तोंडाला लावून बाहेर पळाली.

काकू वाचल्या, थोड्या दिवसांत घरीही आल्या. पण सत्यवतीनं तोवर सगळं परस उपटलं होतं. झुकिनीबरोबर कृष्णफळाचा वेल गेला, बिनदोष टोमॅटो गेले. गावात आलेल्या कृषी सहायकानं समजावलं की शोभेच्या भोपळ्याचे परागकण झुकिनीच्या फुलावर गेले असणार, म्हणून त्या बियांचं फळ असं निघालं; यात तुमचा काय दोष? तिनं मान हलवली. समजलं सगळं, पण जीव थाऱ्यावर येईना. मोकळ्या परसात ती येरझारा घालायची. शिवणाचं मशीन काढलं, तेही अर्ध्यावर टाकलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस तिनं बाजारातून वांगी आणली आणि भाजीची वाटी भिंतीवरून दिली. काकूंनी झाकण उघडून पाहिलं.

"वांगी? हे त माह्याही घरी आहे."

"आता मी नवीन काही लावत नाही, काकू."

"मंग मी दिवसभर वाट कायची पाहू?" काकू चिडल्याच. "मेली का मी? मेली असती त वेगळी गोष्ट होती."

 आषाढात सत्यवतीनं भूषणला फोन केला आणि विकतचंच बी मागवलं, चौधारी शेंगेचं. घरचं बी ती आता धरत नव्हती. वेल मांडवावर चढला, दिवाळीनंतर निळी फुलं आली आणि मग चार कंगोऱ्यांच्या, झालरीसारख्या शेंगा लोंबू लागल्या. पहिली शेंग तिनं कच्चीच चावून पाहिली. मग भाजी करून एकटीनं खाल्ली. हिरालाललाही हात लावू दिला नाही. सबंध दिवस पोटावर हात ठेवून ती घरभर फिरली.

काही झालं नाही. तेव्हा तिनं वाटी भरली आणि भिंतीवरून न देता दारातून घेऊन गेली. काकूंनी घास घेतला. सत्यवती समोर उभीच.

"कडू त नाही ना?"

"नाही."

"घशात काही वाटून राहिलं का?"

"तू अशी पाहून राहिली त घास कसा उतरन, बाई? जा घरी. मले जेवू दे."

सत्यवती घरी आली. पाणी प्यायली, खाटेवर टेकली, उठली आणि भिंतीपाशी जाऊन टाचा उंचावून पाहू लागली.